देणे, वाटणे आणि विकणे

वर्धा नदीच्या अलीकडे पुलगाव आणि पलीकडे धामणगाव. मध्ये एक पूल आणि नदीचे पात्र. अलीकडचा काठ वर्धा जिल्ह्याचा, पलीकडचा अमरावती जिल्ह्याचा. नदीला या भेदाचे काही सोयरसुतक नाही; परंतु कायद्याला आहे. पलीकडच्या काठावर दारूचे दुकान राजरोस उघडे असते. अलीकडच्या काठावर तेच दुकान गुन्हा ठरते. गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे आपणांस ठाऊकच आहे.

आता अशी कल्पना करा की, वर्धा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात लग्न आहे. पलीकडच्या काठावरून आलेल्या एका पाहुण्याच्या पिशवीत एक बाटली आहे. रात्री पंगती उठल्यावर ओसरीच्या कडेला बसून तो यजमानाच्या धाकट्या भावाच्या हातात एक पेला देतो. पैसा घेत नाही, मागत नाही. घेण्याची कल्पनाही त्याच्या मनाला शिवत नाही. इतक्यात शिपाई येऊन उभा राहतो. पाहुणा म्हणतो, ‘साहेब, मी विकली नाही हो, नुसती दिली.’ व्यवहाराच्या दृष्टीने त्याचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने ते खरे आहे काय?

या एका प्रश्नाचा इतिहास आज मला आपणापुढे मांडावयाचा आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु मादक पदार्थाविषयी राज्यकर्त्यांची दृष्टी कसकशी पालटत गेली, याचे प्रतिबिंब जितके ‘देणे’ या साध्या क्रियापदाच्या अर्थात पडले आहे, तितके दुसऱ्या कशातही पडलेले नाही.

प्रथम लोकरीतीकडे पाहू. आपल्या समाजात मादक पदार्थ एकट्याने घेण्याचा प्रघात पूर्वी फारसा नव्हता. चिलीम ही मुळी एकट्याची वस्तूच नव्हे. ती एकाने भरावयाची, दुसऱ्याने पेटवावयाची, आणि मग ती या हातातून त्या हातात फिरावयाची. मठातील गोसावी असो, आखाड्याच्या पारावरचा म्हातारा असो, की वाटेवर भेटलेला अनोळखी बैरागी असो, चिलीम पुढे करणे म्हणजे ‘बस, तू आमचा आहेस’ असे म्हणणे होय. महाशिवरात्रीची भांग एका मोठ्या भांड्यात घोटली जाते व सर्वांना वाटली जाते. राजस्थान व सौराष्ट्र या प्रांतांत अफूचा कसुंबा ओंजळीतून पाहुण्याला पाजण्याची चाल होती. दोन घराण्यांतील जुने वैर मिटले, याची खूण म्हणून दोघांनी एकमेकांच्या ओंजळीतून कसुंबा घ्यावा, अशी रीत असे. आपल्या पूर्व विदर्भातील गोंड समाजात मोहाची दारू प्रथम देवाला वाहिली जाते, मग पंचांना दिली जाते आणि मग इतरांना. आणि ज्याला जातीतून बाहेर टाकावयाचे त्याचे काय करीत? त्याचे ‘हुक्कापाणी बंद’ करीत! म्हणजे, ज्याच्याशी हुक्का वाटून घेता येत नाही तो समाजाचाच नव्हे. वाटून घेणे हीच समाजाची व्याख्या होती.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शेतावर वा गिरणीत जाणारी कष्टकरी बाई तान्ह्या मुलाला अफूचा कण चाटवून निजवीत असे. तेही ‘देणे’च होते आणि त्यात द्वेष वा लोभ यांचा लेशही नव्हता. परंतु ते मूल मोठे होईल की नाही, हा प्रश्न त्या कणावर अवलंबून असे. प्रेमाने दिलेली वस्तू निरुपद्रवी असतेच असे नाही, ही गोष्ट या विषयाच्या आरंभीच मनाशी बांधून ठेवणे बरे.

आता कायद्याकडे वळू. इंग्रजी अमलात मादक पदार्थांविषयीचे कायदे जन्मास आले ते नीतीच्या पोटी नव्हे, तर महसुलाच्या पोटी. आबकारी हे सरकारच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. दुकानाच्या मक्त्याचा लिलाव व्हावा, मक्तेदाराने सरकारात रक्कम भरावी, आणि त्याच्या दुकानाबाहेर एक थेंबही विकला जाऊ नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप होता. जोतीराव फुले यांनी १८८० साली पुण्यात दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध नगरपालिकेत आवाज उठविला आणि १९०८ साली त्याच पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले, तेव्हा लोकांच्या रोषाचे मूळ हेच होते की, सरकार स्वतःच या व्यसनाचे भागीदार झाले आहे.

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाल्यावरून हिंदुस्थान सरकारने भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने देशभर हिंडून ११९३ साक्षीदारांचे म्हणणे ऐकले. आपल्या मध्यप्रांतात त्या काळी गांजाचे पीक खांडव्याच्या आसपास सरकारी देखरेखीखाली काढले जात असे व तेथूनच तो प्रांताच्या दुकानांत जाई. आयोगाने १८९४ साली निष्कर्ष दिला तो असा की, बेताच्या सेवनाने म्हणण्यासारखी हानी होत नाही, अतिरेकाने होते. सर्वस्वी बंदी घालणे आवश्यकही नाही व इष्टही नाही. नियंत्रण ठेवावे, कर बसवावा आणि अतिरेकास आळा घालावा. या निष्कर्षात लोकरीतीविषयीचा आदर होता आणि तिजोरीविषयीची काळजीही होती, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही.

या दृष्टीचे प्रतिबिंब मध्यप्रांताच्या १९१५ च्या आबकारी कायद्यात स्पष्ट दिसते. हाच कायदा वर्धा जिल्ह्यास लागू होता. त्यात ‘विक्री’ या शब्दाची व्याख्या करताना असे म्हटले की, विक्री म्हणजे बक्षीस म्हणून दिलेले वगळून इतर कोणतेही हस्तांतरण. ‘बक्षीस वगळून’ या दोन शब्दांत त्या कायद्याचा सारा स्वभाव आला. दारूच्या बदल्यात धान्य घेतले तर ती विक्री, मजुरी घेतली तर ती विक्री. परंतु मित्राने मित्राला दिली तर ती विक्री नव्हे. का नव्हे? कारण अशा देण्याने मक्तेदाराचे गिऱ्हाईक तुटत नाही. दिलेली दारू कोणीतरी त्याच्याच दुकानातून आणलेली असावयाची. किती जवळ बाळगावी याची मर्यादा होती, तेवढी पाळली म्हणजे झाले. आपल्या ओसरीवरचा पाहुणा १९१५ साली शिपायापुढे उभा राहता, तर ‘मी विकली नाही, दिली’ हे त्याचे उत्तर विक्रीच्या आरोपास पुरेसे ठरले असते.

अफूची गोष्ट थोडी निराळी होती. १८७८ च्या अफूच्या कायद्याचा भर ‘बाळगण्या’वर होता. कोणी किती अफू जवळ ठेवावी, हे नियमाने ठरविले जाई. मग ती विकत घेतलेली असो की कोणी दिलेली असो. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी चीनमधील अफूच्या धुराने जगाचे डोळे चुरचुरू लागले. १९१२ साली हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि अफू ओढण्याविरुद्ध आपल्याकडील प्रांतोप्रांती कायदे होऊ लागले. पंजाबात १९२३ साली, मध्यप्रांतात १९२९ साली, मुंबई इलाख्यात १९३६ साली असे कायदे झाले. या मालिकेतील कायद्यांत एक नवीनच कल्पना आढळते. एकट्याने ओढणे आणि चार जणांनी जमून ओढणे यांत त्यांनी भेद केला, आणि अनेकांचा मेळा हाच गुन्ह्याचा विषय ठरविला. हुक्कापाण्याच्या न्यायाच्या हे नेमके उलट झाले. समाजाला जे भूषण वाटत होते, तेच कायद्याला अधिक घातक वाटू लागले. यात काही तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. नळीभोवती जमलेल्या मंडळीत एखादा नवखा तरुण येऊन बसतो, आणि पुढच्या वेळी तो स्वतः नळी भरू लागतो, हे सर्वांनी पाहिले होते.

यानंतर वर्धा जिल्हा या इतिहासाच्या मध्यभागी येतो. १९३४ साली गांधीजी वर्ध्यास येऊन राहिले व १९३६ साली शेगावी गेले. त्या शेगावाचेच पुढे १९४० साली सेवाग्राम झाले. अस्पृश्यतानिवारण व खादी यांच्या जोडीने मद्यपाननिषेध हे त्यांच्या विधायक कार्यक्रमाचे अंग होते. १९३७ साली प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आली, आणि त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात वर्ध्यास भरलेल्या कार्यकारिणीच्या बैठकीत तीन वर्षांच्या आत संपूर्ण दारूबंदी करावी, असे या मंत्रिमंडळांना सांगण्यात आले. त्यास अनुसरून मध्यप्रांत व वऱ्हाड यांचा दारूबंदीचा कायदा १९३८ साली झाला. आरंभी प्रांताचे काही मोजके भाग निवडले गेले. त्यांत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट हे गिरण्यांचे गाव होते. गिरणी-कामगाराच्या पगाराचा दिवस आणि दारूच्या दुकानाच्या भरभराटीचा दिवस एकच असे. म्हणून ही निवड.

येथे कायद्याचे मर्मस्थान पालटले. आजवर सरकार विचारीत होते, ‘माझा कर बुडाला काय?’ आता ते विचारू लागले, ‘हा मनुष्य प्याला काय?’ एकदा प्रश्न असा बदलला, म्हणजे देणे आणि विकणे यांतील जुनी भिंत टिकणे शक्य नव्हते. पिणाऱ्याच्या पोटात जो पेला जातो, तो रोख पैशाचा होता की प्रेमाचा होता, याने त्याच्या यकृतास काय फरक पडणार? त्याच्या घरी उपाशी बसलेल्या मुलांना काय फरक पडणार?

या विचाराची पूर्ण परिणती १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात झाली. तोच आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने ओळखला जातो. त्यातील ‘विकणे’ या शब्दाची व्याख्या १९१५ च्या व्याख्येशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. मोबदल्यासाठी असो वा नसो, कोणतेही हस्तांतरण म्हणजे विकणे, असा तिचा आशय आहे. क्लबाने वा भोजनमंडळाने वर्गणी घेऊन आपल्या सभासदांना दारू दिली, तर तीही विक्रीच. एका कायद्याने बक्षीस विक्रीतून वगळले होते; दुसऱ्याने मोबदल्याची अटच काढून टाकली. दोहोंमध्ये अवघी चौतीस वर्षे गेली होती.

या कायद्याने आणखी दोन दारे बंद केली. ज्याला प्रकृतीच्या वा अन्य कारणाने परवाना मिळाला, त्यानेही आपल्या वाट्याची दारू परवाना नसलेल्यास पिऊ देता कामा नये, असा नियम झाला. आणि दुसरे असे की, ‘सार्वजनिक मद्यपानगृहा’ची कल्पना कायद्यात आली. जुगाराच्या अड्ड्याच्या कायद्याची ती धाकटी बहीण म्हणावी. जेथे मालकाच्या फायद्यासाठी पिऊ दिले जाते, अशा जागी पीत असलेला तर दोषी आहेच, परंतु पिणे चालू असताना तेथे नुसता सापडलेला मनुष्यही पिण्याकरिताच आला होता, असे न्यायालयाने गृहीत धरावे; तसे नव्हते हे त्याने सिद्ध करावे. म्हणजे संगतीलाच पुराव्याचे मोल आले.

हा कायदा सर्वोच्च न्यायालयापुढे लवकरच आला. १९५१ सालच्या बलसारा खटल्यात न्यायालयाने त्याचा मुख्य भाग उचलून धरला. परंतु मादक पेयाची प्रशंसा करणे वा त्यास उत्तेजन देणे यांना गुन्हा ठरविणारी कलमे भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द केली. परिणाम असा झाला की, दारूचे गुणवर्णन करण्यास मोकळीक राहिली, पण ती पेल्यात ओतून मित्रापुढे करण्यास राहिली नाही.

१९५६ साली भाषिक पुनर्रचनेत वर्धा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १९५९ साली हा कायदा विदर्भास लागू झाला. पुढे महाराष्ट्रात इतरत्र परवान्यांच्या वाटेने बंदी सैल होत गेली. गांधी-विनोबांच्या कर्मभूमीचा मान म्हणून वर्धा जिल्ह्यापुरती मात्र ती पुन्हा घट्ट करण्यात आली. १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात लोकचळवळीच्या रेट्याने दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली व २०२१ साली उठली. वर्ध्याची बंदी मात्र कायम राहिली. म्हणूनच आपल्या ओसरीवरच्या पाहुण्यास आज शिपायाने असे सांगितले की, ‘बाबा, या कायद्यात देणे म्हणजेच विकणे,’ तर ते चूक ठरणार नाही. पिण्याच्या गुन्ह्यापेक्षा विक्रीच्या गुन्ह्याची शिक्षा पुष्कळ जड आहे. आणि पाहुणचाराचा एक पेला मनुष्याला हलक्या कलमातून जड कलमात नेऊ शकतो.

दारूचा प्रश्न राज्याच्या कायद्याचा. गांजा, चरस, अफू व त्यांहून तीव्र द्रव्ये यांसाठी सबंध देशाचा एकच कायदा आहे, तो १९८५ सालचा. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो अमलात आला आणि अफूचे जुने कायदे व १९३० चा घातक औषधिद्रव्यांचा कायदा त्याने मोडीत काढले. त्याच्या मागे १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार उभा होता. त्या कराराने दंडनीय कृत्यांची जी यादी दिली आहे, तीत विक्रीच्या जोडीस ‘देऊ करणे’, ‘वाटणे’ आणि ‘कोणत्याही अटीवर सुपूर्द करणे’ हेही शब्द आहेत. ‘कोणत्याही अटीवर’ म्हटल्यावर फुकट देणे सुटणार कसे? भांगेची नुसती पाने मात्र या कराराच्या व आपल्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली. शिवरात्रीच्या वाटीला केंद्रीय कायद्याने हात लावला नाही. तिचे काय करावयाचे ते राज्यांवर सोपविले.

१९८५ च्या मूळ कायद्यात एक कलम होते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे. चरसासारखे द्रव्य जवळ सापडल्यास कमीत कमी १० वर्षे सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड, इतकी कडक शिक्षा ठेवली होती. परंतु द्रव्य ‘अल्प’ असेल आणि ते स्वतःच्या सेवनासाठीच होते, विक्रीसाठी वा वाटपासाठी नव्हते, असे आरोपीने सिद्ध केले, तर शिक्षा काही महिन्यांवर येई. चरसाची ही अल्प मर्यादा ५ ग्रॅम होती. ‘विक्रीसाठी वा वाटपासाठी नव्हते’ या शब्दांचा अर्थ नीट ध्यानी घ्या. जो एकटा दार लावून ओढतो, त्याला सवलत. जो मित्राला त्यातील अर्धे देतो, त्याची सवलत धोक्यात. दोन झुरक्यांच्या सोबतीची किंमत १० वर्षे होऊ शकत होती.

ही निव्वळ कल्पना नव्हे. गोव्यात एका परदेशी प्रवाशाजवळ चरसाचे दोन तुकडे सापडले. एक ७ ग्रॅमचा, दुसरा ५ ग्रॅमचा. खालच्या न्यायालयांनी त्याला १० वर्षांची शिक्षा दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा असे आढळले की, रासायनिक तपासणी दोहोंपैकी एकाच तुकड्याची झाली होती, आणि तपासलेला माल ५ ग्रॅमपेक्षा कमी भरला. १९९३ साली न्यायालयाने तो माल त्याच्या स्वतःच्या सेवनासाठी होता असे मानले आणि १० वर्षांच्या जागी ६ महिने केले. दोन शिक्षांमध्ये साडेनऊ वर्षांचे अंतर, आणि ते अंतर एका तुकड्यावर आणि ‘स्वतःसाठी’ या एका शब्दावर तोललेले!

ही विषमता ध्यानी आल्यावरच २००१ साली कायद्याची पुनर्घटना झाली. योगायोग असा की, ती दुरुस्ती अमलात आली तो दिवस २ ऑक्टोबरचा होता. हेतूच्या जागी आता वजन आले. गांजाचे १ किलोपर्यंत अल्प प्रमाण, २० किलोपासून व्यापारी प्रमाण. चरसाचे १०० ग्रॅम व १ किलो. अफूचे २५ ग्रॅम व अडीच किलो. हेरॉइनचे ५ ग्रॅम व २५० ग्रॅम. अल्प प्रमाणास वर्षभरापर्यंतची कैद, मधल्या प्रमाणास १० वर्षांपर्यंत, व्यापारी प्रमाणास १० ते २० वर्षे. या व्यवस्थेत बाळगणारा, देणारा आणि विकणारा एकाच तराजूत बसतात. चिमूटभर गांजाची चिलीम मित्रापुढे करणारा आता १० वर्षांच्या भीतीतून मुक्त झाला, ही सुधारणा खरी. परंतु तितकाच गांजा पुडी बांधून शाळेच्या कुंपणाशी विकणाराही वजनाच्या दृष्टीने त्याच कोष्टकात येतो, ही या सुधारणेची दुसरी बाजू. वजनाला ओळख-पाळख नसते. म्हणून ते निःपक्षपाती असते, आणि म्हणूनच ते आंधळेही असते.

सोबतीचा प्रश्न मात्र संपला नाही. २००३ साली हिमाचल प्रदेशातील एका खटल्यात, एकाच मोटारीतून जाणाऱ्या सर्वांना तीत सापडलेल्या चरसाबद्दल जबाबदार धरण्यात आले. माल मोटारीत आहे हे त्यांना ठाऊक होते, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. उलट दिशेचे उदाहरण मुंबईचे. अवैध व्यापारास पैसा पुरविणाऱ्यासाठी कायद्यात १० ते २० वर्षांची शिक्षा आहे. घरच्या वा जवळच्या माणसाच्या सेवनासाठी पैसे देणारा हा ‘व्यापारास पैसा पुरविणारा’ होतो काय, असा प्रश्न ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका जामीन-अर्जात आला. न्यायालयाने नाही म्हटले. सेवन करणाऱ्यास स्वतःला फार तर वर्षभराची कैद. आणि त्याच्यासाठी खिशात हात घालणाऱ्यास १० वर्षे, असा अर्थ केल्यास तो विपरीत होईल, असा त्यामागील विचार होता. १९१५ च्या व्याख्येतील ‘बक्षीस’ शंभर वर्षांनी दुसऱ्या दाराने आत डोकावले, असे मला हा निकाल वाचून वाटले.

हा पेच केवळ आपलाच आहे, असे नाही. इंग्लंडमध्ये १९७१ च्या कायद्याने ‘पुरविणे’ या शब्दात ‘वाटणे’ याचा समावेश केला. म्हणून तेथे गांजाची विडी मंडळीत फिरविणे हेसुद्धा पुरविणे ठरू शकते, मग पैसा घेतलेला नसो. अमेरिकेत १९७७ साली एका अपील न्यायालयाने निराळी वाट काढली. दोघांनी मिळून एकाच वेळी, आपल्याच उपयोगासाठी माल घेतला असेल, तर तो दोघांचाही पहिल्यापासून आहे; मग एकाने दुसऱ्याला ‘वाटला’ असे म्हणता येत नाही. परंतु एकटा जाऊन आणतो व नंतर दुसऱ्यास देतो, त्याला हा आधार मिळत नाही. स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने व्यसनी माणसांनी बंद जागी, आपापसांत, थोड्या मालाचे मिळून केलेले सेवन शिक्षेबाहेर ठेवण्याचा सिद्धान्त मांडला. तीन देश, तीन उत्तरे. आणि प्रश्न मात्र चिलमीच्या फेऱ्याचाच.

श्रोतेहो, मग योग्य कोणते? इतिहासाच्या अभ्यासकाने निवाडा देऊ नये, असे म्हणतात. परंतु आपले मत लपवून ठेवणे हेही प्रामाणिकपणाचे नव्हे. देणे हे विकण्याइतकेच वाईट, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने एक फार बळकट मुद्दा आहे. आयुष्यातला पहिला पेला क्वचितच कोणी विकत घेतो. पहिला पेला कोणीतरी दिलेला असतो. पहिली चिलीम कोणीतरी पुढे केलेली असते. देणारा बहुधा मित्र असतो, थोरला भाऊ असतो, कधी मामा असतो. विकणाऱ्याला गिऱ्हाईक तयार करून देण्याचे काम हा स्नेहाचा हात करीत असतो. ज्या बायकांनी विदर्भाच्या खेड्यापाड्यांत दारूबंदीसाठी मोर्चे काढले, त्यांना हे कोणा कायदेपंडिताने शिकवावे लागले नाही. ‘पाजणारा’ आणि ‘विकणारा’ असा भेद त्यांच्या रागात नव्हता.

परंतु दुसरा मुद्दाही तितकाच बळकट आहे. शिक्षेचे माप हे दोषाच्या मापाशी जुळले पाहिजे. लोभाने शंभर घरे बुडविणारा आणि अविचाराने एका मित्राला बिघडविणारा यांना एकाच शब्दाने ओळखणे म्हणजे भाषेवर आणि न्यायावरही जुलूम करणे होय. आणि यात एक प्रत्यक्ष धोका आहे. चार तरुण एका खोलीत बसले आहेत; त्यांतील एकाचा श्वास मंदावतो, ओठ काळे पडतात. डॉक्टरला बोलवावे, तर ज्याने ते द्रव्य आणले व दिले, तो गुन्हेगार ठरणार. तो क्षणभर थांबतो. तो क्षण एखाद्याच्या प्राणाचा असू शकतो. कायद्याच्या शब्दाची भीती जेव्हा विक्रेत्यापेक्षा सोबत्याला अधिक वाटू लागते, तेव्हा कायद्याचा हेतूच उलटा फिरतो.

आमच्या कायद्याने व्यसनी माणसासाठी एक दार उघडे ठेवले आहे, हे सांगितले पाहिजे. अल्प प्रमाणाच्या वा सेवनाच्या आरोपाखाली असलेला व्यसनी स्वतः होऊन उपचार घेण्यास तयार झाला, तर त्याच्यावरील खटल्यापासून त्याला मुक्तता मिळू शकते. उपचार अर्धवट सोडला, तर ती काढूनही घेतली जाते. हे कलम फार थोड्यांना ठाऊक असते. जितके लोक शिक्षेचे आकडे जाणतात, त्यांच्या निम्म्यांनी जरी हे कलम जाणले, तरी बरेच काही साधेल.

सेवाग्रामच्या वृद्धाने दारूबंदीचा विचार मांडताना केवळ कायद्यावर भिस्त ठेवली नव्हती, याची येथे आठवण होते. थकल्याभागल्या मजुराला घटकाभर बसता यावे, स्वस्त व निर्दोष खाणे-पिणे मिळावे, चार माणसांत करमणूक व्हावी, अशी ठिकाणे गावोगावी काढा, असे त्यांनी कार्यकर्त्यांना सांगितले होते. मजूर गुत्त्यात केवळ दारूसाठी जात नाही, सोबतीसाठी जातो, हे त्यांनी ओळखले होते. आपण दारूबंदीचा कायदा घेतला. सोबतीची ती ठिकाणे मात्र घ्यावयाची राहून गेली.

पुन्हा त्या ओसरीवर येऊ. पाहुणा म्हणतो, ‘मी विकली नाही.’ १९१५ चा कायदा म्हणतो, ‘खरे आहे.’ १९४९ चा कायदा म्हणतो, ‘खरे असेल, पण मला त्याचे काय?’ मला वाटते, दोघांचेही अर्धेअर्धे खरे आहे. पहिल्याने तिजोरीकडे पाहिले, दुसऱ्याने पेल्याकडे पाहिले. ज्याच्या हातात तो पेला दिला गेला, त्या यजमानाच्या धाकट्या भावाकडे, त्याच्या उद्याकडे, नीट पाहणारा कायदा अजून व्हावयाचा आहे. तो होईपर्यंत पाहुण्यानेच नदी ओलांडताना पिशवी पलीकडच्या काठावर ठेवून येणे शहाणपणाचे. लग्नाला येताना आणावयाच्या दुसऱ्या वस्तू पुष्कळ आहेत.